मुळशीचे भातखाचर आणि ‘पर्याय’ या शब्दाची चिकित्सा

रासायनिक खते व कीटकनाशके यांच्या जागी जैविक साधने आणावीत, असे प्रतिपादन गेल्या काही दशकांत मराठीत विपुल झाले आहे. या प्रतिपादनात ‘पर्याय’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. युरियाची गोणी उचलली आणि त्या जागी जीवामृताचे पिंप ठेवले, की पर्याय सिद्ध झाला, अशी काहीशी कल्पना या शब्दामागे असते. ती कल्पना कितपत टिकते हे पाहावयाचे तर पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारखे दुसरे सोयीचे क्षेत्र सापडणे कठीण. कारण येथील भातशेतीत रसायने येण्यापूर्वी एक पूर्ण विकसित, सर्वस्वी सेंद्रिय अशी पोषणपद्धती नांदत होती; तिच्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाद झाले, शास्त्रीय प्रयोगही झाले. आजच्या प्रतिपादनाला त्या पद्धतीचा जवळजवळ विसर पडला आहे. ही त्याची सर्वांत मोठी उणीव होय.

ती पद्धती म्हणजे राब. मुळशीचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या धारेला टेकलेला आहे. ताम्हिणीकडे वर्षाचा पाऊस ५००० मि.मी.च्या वर जातो. तोच पूर्वेस उतरत उतरत हिंजवडीच्या बाजूला हजार मि.मी.च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. पश्चिमेकडील तांबूस, आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेल्या जमिनीत उतारावर ताली घालून खाचरे केलेली असतात. वरच्या खाचरातले पाणी बांधावरून खालच्यात, तेथून त्याच्याही खालच्यात आणि अखेरीस ओढ्यात उतरते. अशा ठिकाणी भाताचे रोप वाढविण्यासाठी चैत्र-वैशाखात दाढ भाजली जाई. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा व गवत, वरून बारीक माती, असा क्रम लावून वाऱ्याच्या उलट दिशेने आग दिली जाई. मृगाच्या पावसावर तेथे बी पेरले जाई आणि आषाढात रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावली जात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खात्याने या प्रथेवर बोट ठेवले. कवळतोडीने डोंगर उघडे पडतात, हा खात्याचा आक्षेप. राब बंद केला तर भात बुडेल, हे शेतकऱ्याचे उत्तर. इंग्लंडहून आलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांना आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची सविस्तर दखल घ्यावी लागली, यावरून या वादाचे वजन ध्यानात येते. पण राबाचा खरा शास्त्रीय अभ्यास पुण्यात झाला. येथील कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली पश्चिम भारतातील राब पद्धतीवर प्रबंधिका प्रसिद्ध केली. रोपांवर दिसणारा परिणाम केवळ राखेच्या द्वारे उलगडत नाही, माती तापण्याचा त्यात मोठा भाग आहे, आणि तापलेल्या मातीत विद्राव्य द्रव्यांचे प्रमाण वाढते, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष. शेतकऱ्याची रूढी अडाणीपणाची आहे असे न मानता ती काय साधते हे आधी मोजावे, ही त्यामागील दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

तथापि मान यांच्या अभ्यासातून एक प्रश्न सुटून जातो, आणि तो आजच्या जैविक प्रतिपादनातूनही तसाच सुटतो. राबाचा टहाळ येतो कोठून? दाढीचे क्षेत्र लागवडीच्या साधारण दहाव्या हिश्शाचे. त्या दहाव्या हिश्शासाठी खाचरांच्या कितीतरी पट डोंगर दरवर्षी छाटला जाई. म्हणजे खाचराची सुपीकता खाचरात निर्माण होत नव्हती. ती डोंगरावरून खाली आणली जात होती. शेणाचेही तसेच. गुरे दिवसभर माळावर व रानात चरत, रात्री गोठ्यात बांधली जात. रानाचे गवत शेणाच्या रूपाने शेतात उतरे. सेंद्रिय शेती स्वयंपूर्ण होती, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा तिला पोसणाऱ्या या मोठ्या, न मोजलेल्या क्षेत्राची गणना केलेली नसते.

हे मर्म मराठीत प्रथम ओळखले ते जोतीराव फुले यांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाकडे सामाजिक विद्रोहाचा ग्रंथ म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्यातील शेतीच्या ऱ्हासाची मीमांसा ही मूलतः पोषणद्रव्यांच्या वहनाची मीमांसा आहे. जंगल खात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेतल्याने जनावरे कमी होतात, म्हणून खत कमी होते, म्हणून जमीन नापीक होते, ही कारणपरंपरा फुले स्पष्टपणे मांडतात. डोंगरावरचा पालापाचोळा व मेलेल्या प्राण्यांच्या अस्थी यांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून जाते, ते अडविण्यासाठी ताली-बंधारे घालावेत, ही त्यांची सूचनाही याच विचारातून आलेली. शेताची सुपीकता शेताच्या बांधावर संपत नाही, हे त्यांना दिसले होते. त्यांच्यानंतर दीड शतकाने लिहिणाऱ्या पुष्कळांना ते दिसत नाही.

मुळशीत तर हा बांधाबाहेरचा प्रदेश उत्तरोत्तर आक्रसत गेला. मुळा व निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याच्या टाटांच्या योजनेविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, तो सेनापती बापटांच्या नावाने सर्वांना माहीत आहे. त्याचा कृषिविषयक अर्थ मात्र क्वचित सांगितला जातो. पाण्याखाली गेली ती खोऱ्याच्या तळाची, शतकानुशतके डोंगराचे सत्त्व साचलेली भातजमीन. वर उरली ती सत्त्व देणारी, पण स्वतः कृश असलेली उताराची जमीन. धरणाचे पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. अलीकडच्या काळात उरलेल्या डोंगरउतारांवर शेतघरे व वसाहती आल्या, लवासा याच तालुक्यात उभे राहिले, आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्र झाल्याने शेतावर राबणारे हात तिकडे वळले. बैलांची जागा यांत्रिक नांगराने घेतली तिथे गोठाही रिता झाला. तेव्हा ‘पूर्वीप्रमाणे सेंद्रिय शेती करा’ हा उपदेश मुळशीच्या शेतकऱ्याला करणे म्हणजे ज्याची तिजोरीच नेली त्याला पूर्वीप्रमाणे दानधर्म कर असे सांगण्यासारखे आहे.

आता आजच्या प्रतिपादनांकडे वळावे. त्यांत सर्वाधिक प्रभावी सुभाष पाळेकर यांचे आहे. एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी सुमारे २ किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असे जीवामृत ते सांगतात. यातील नत्राचा हिशेब अवघड नाही. ताज्या शेणातून चाळीस-पन्नास ग्रॅम, गोमूत्रातून फार तर शंभर, बेसनातून साठ-सत्तर. एकूण सुमारे २०० ग्रॅम. उलटपक्षी, हेक्टरी ३ टन भात देणारे पीक दाणे व पेंढा मिळून पन्नास-साठ किलो, म्हणजे एकरी वीस किलोंहून अधिक नत्र उचलते. महिन्यातून एकदा जीवामृत दिले तरी हंगामाची बेरीज एक किलोपर्यंत पोहोचत नाही. अर्थात पाळेकर याला अन्न म्हणतच नाहीत, विरजण म्हणतात. जमिनीतील सूक्ष्मजीव जागे करणे हे त्याचे कार्य. तेव्हा नत्राच्या हिशेबाने त्यांना खोडून काढणे पुरेसे नाही. विरजण आहे तर दूध कोठे आहे, हा खरा प्रश्न. राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने २०१९ साली या पद्धतीच्या देशव्यापी प्रसारास जो विरोध नोंदविला, त्याचा रोखही पुराव्याच्या अभावाकडेच होता.

भाताच्या बाबतीत पाळेकरांची आणखी एक अडचण आहे व ती त्यांच्या टीकाकारांनीही फारशी लक्षात घेतलेली नाही. बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा ही त्यांच्या पद्धतीची चार चाके. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये हवा व ओल यांचे समप्रमाण सहवास्तव्य. परंतु चिखलणी करून पाणी बांधलेले भातखाचर म्हणजे वाफशाचा पूर्ण अभाव! उभ्या पाण्यात आच्छादनही संभवत नाही. चारांपैकी दोन चाके खाचरात शिरताक्षणीच निखळतात. विदर्भातील कोरडवाहू जमिनीत घडलेला विचार घाटमाथ्यावर जसाच्या तसा चालवावयाचा, तर त्यात काय वजा करावे लागते हे सांगणे प्रतिपादकाचे कर्तव्य ठरते.

गंमत अशी की वाफसा नसणे हीच भातखाचराची जमेची बाजू आहे. पाण्याखालील मातीत व पाण्याच्या पृष्ठभागावर हवेतील नत्र स्थिर करणारे जीव स्वभावतःच वसतात. ढाक्याचे पी. के. डे यांनी १९३९ साली भातखाचरातील नील-हरित शेवाळाचे हे कार्य प्रयोगाने दाखवून दिले. म्हणूनच गव्हाच्या शेतात खत बंद केल्यावर उत्पन्न ज्या वेगाने घसरते त्या वेगाने ते भातखाचरात घसरत नाही. एका खालच्या पातळीवर ते पुष्कळ वर्षे टिकून राहते. नैसर्गिक शेतीचे काही भातप्रयोग यशस्वी वाटतात त्यामागे पिंपातील द्रवापेक्षा खाचरातील या शेवाळाचे श्रेय अधिक असण्याचा संभव आहे. मात्र स्फुरद व पालाश हवेतून येत नाहीत. आम्लधर्मी तांबड्या मातीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी जखडलेला असतो. जिवाणू तो थोडाफार मोकळा करू शकतात, नवा घडवू शकत नाहीत. पालाशाचा मोठा वाटा पेंढ्यात असतो. पेंढा घरच्या गुरांनी खाल्ला तर तो शेणावाटे परततो; विकला गेला तर पालाश गावाबाहेर गेला.

हिरवळीच्या खतांची शिफारस अधिक भरीव आहे. ताग व धैंचा ही पिके हवेतील नत्र खरोखरच जमिनीत आणतात. पण धैंच्याला गाडण्याजोगा होण्यास सहा-सात आठवडे लागतात. मृग बरसतो तेव्हा पेरलेला धैंचा आषाढातल्या लावणीपूर्वी तयार होत नाही, आणि वैशाखात पेरावा तर मुळशीच्या उतारावर पाणी नसते. धरण डोळ्यांसमोर असूनही नसते. ॲझोलाची तीच कथा निराळ्या कारणाने: खाचरातून खाचरात उतरणाऱ्या पाण्यावर तरंगणारी ही वनस्पती श्रावणातल्या एका जोरदार सरीत ओढ्याला लागते. संथ पाण्याच्या सपाट मुलखात मिळालेले आकडे येथे उद्धृत करणे म्हणजे भूगोलाकडे पाठ फिरवणे होय. यात एक वैज्ञानिक अडचणही दडलेली आहे. कच्चा सेंद्रिय माल पाण्याखाली गाडला की मिथेन वायूचे उत्सर्जन वाढते. चांगले कुजवलेले खत घातल्यास ते बरेच कमी राहते. जैविक म्हणजे आपोआप निरुपद्रवी, हे समीकरण येथेही चालत नाही.

कुजवण्याचा विषय निघाला म्हणजे इंदूर पद्धतीचे स्मरण अपरिहार्य होते. अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नावाने ती जगभर गेली. परंतु १९३१ चा मूळ ग्रंथ हॉवर्ड व यशवंत वाड या दोघांचा आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात वाड यांच्या नावाची जी उपेक्षा झाली ती मराठी अभ्यासकांनी तरी पुढे चालवू नये. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात भावनेपेक्षा कृती अधिक आहे. कर्ब-नत्राचे गुणोत्तर, ओल, हवा, उलथणी, उन्हाळ्यात खड्डा तर पावसाळ्यात जमिनीवर ढीग, अशा मोजक्या गोष्टींवर सारी मांडणी उभी आहे. मुळशीच्या पावसात तिला छपराची जोड द्यावी लागेल, एवढेच. मात्र कच्चा माल कोठून आणावा, हा प्रश्न तिलाही चुकत नाही.

या प्रश्नाला सरळ सामोरे गेलेले मराठी लेखक म्हणजे श्रीपाद दाभोलकर. ‘विपुलाच सृष्टी’ या ग्रंथात त्यांनी सूर्यप्रकाश, पानांचे क्षेत्रफळ आणि जैवभार यांचा जमाखर्च मांडला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह ही त्यांची कल्पना त्या जमाखर्चावर आधारलेली आहे. बाहेरून आणण्यापेक्षा जागच्या जागी जैवभार निर्माण करा, हे त्यांचे सूत्र राबाच्या परावलंबनावरचे यथार्थ उत्तर आहे. परंतु गणिती शिस्तीच्या या विचारवंताचा अनुभव मुख्यतः तासगावच्या द्राक्षांचा व बागायतीचा. मुळशीत भात वाढतो त्या आषाढ-श्रावणात सूर्य आठवडेच्या आठवडे ढगाआड असतो. सूर्याची कापणी करावयाची ती कार्तिकापासून पुढे, आणि त्या वेळी ओल सरलेली असते. दाभोलकरांच्या सूत्राला येथे ऋतूंची अदलाबदल करून वाचावे लागते.

ती अदलाबदल प्रत्यक्षात साधली ती डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने. पहिले सूत्र भाताच्या तुसाची काळी राख दाढीत मिसळणे व पेंढ्याचा वापर. दुसरे गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीपूर्वी हेक्टरी तीन टनांपर्यंत खाचरात घालणे. तिसरे १५ व २५ सें.मी. असे आलटून पालटून अंतर ठेवून केलेली नियंत्रित लावणी. चौथे चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोचणे. गिरिपुष्प, म्हणजे आपल्याकडची उंदीरमारी, हे कोरड्या ऋतूतही तग धरणारे शेंगवर्गीय झाड. ते स्वतःच्या बांधावर लावता येते. राबासाठी डोंगरावरून येणारा टहाळ येथे बांधावरून येऊ लागतो. सुमारे तीन टन पाल्यातून वीस किलोंच्या आसपास नत्र मिळते. तुसाच्या राखेतील सिलिकामुळे रोप ताठ होते व करपा आणि खोडकिडा यांना तोंड देते. राबातील राखेचे जे काम, ते येथे जंगल न तोडता आणि शेण न जाळता होते.

निष्ठावंत जैविकवादी चारसूत्रीला आपली म्हणत नाहीत, कारण तिच्यात चौथे सूत्र आहे. नेमके हेच सूत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. फेकून दिलेल्या युरियाचा भातखाचरात तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, पिकाला लागतो; बाकीचा हवेत जातो किंवा पाण्याबरोबर उतरतो. मुळशीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत तर एकाने टाकलेले खत दुसऱ्याच्या शेतात व शेवटी धरणात जाते. ४० सें.मी. चौरसाला एक या हिशेबाने हेक्टरी ६२,५०० गोळ्या, प्रत्येकी २.७ ग्रॅम, म्हणजे १६८ किलो माल चिखलात सात-दहा सें.मी. खोल पुरला जातो आणि तेथेच राहतो. नत्र ५८ किलोंच्या घरात. रसायन काढून टाकण्याऐवजी ते कमी करून योग्य जागी ठेवणे हा मार्ग शुद्धतावाद्यांना तडजोड वाटतो. पण तडजोड कशाशी, हे त्यांनी सांगावयास हवे. २०२१ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका आदेशाने थांबविली. भाताचे पीक कोसळले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आदेश मागे घ्यावा लागला. शुद्ध तत्त्वाची किंमत तेथे तत्त्ववेत्त्यांनी दिली नाही, शेतकऱ्यांनी व तांदूळ विकत घेणाऱ्या गरिबांनी दिली.

याच ठिकाणी ‘पर्याय’ या शब्दाचा सर्वांत घातक परिणाम दिसतो: तो खत आणि कीटकनाशक यांना एकाच पंक्तीत बसवतो. वस्तुतः त्यांची प्रकृती भिन्न आहे. खत पिकाला काहीतरी देते. ते काढून घेतले तर दुसऱ्या कोठून तरी आणावेच लागते. कीटकनाशक मात्र अनेकदा जे काम करते असे भासते ते काम खाचरातले कोळी, चतुर व परोपजीवी गांधीलमाश्या आधीच करीत असतात. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला तो फवारण्या अपुऱ्या होत्या म्हणून नव्हे, तर फवारण्यांनी तुडतुड्यांचे शत्रू मारले म्हणून. १९८६ साली तेथील सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि भाताचे उत्पन्न घटले नाही. श्रीलंका आणि इंडोनेशिया ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचली की एकाच घोषणेत बांधलेले दोन प्रश्न सुटे होतात. मुळशीत खोडकिड्यासाठी कामगंध सापळे, ट्रायकोग्रामाची अंडी असलेली कार्डे, पक्ष्यांना बसण्यास खाचरात रोवलेल्या फांद्या, ही साधने उपलब्ध आहेत. आणि ज्या खाचरांतून पहिल्या पावसात चढणीचे मासे व खेकडे धरले जातात तेथे विष न फवारण्याचा लाभ त्याच दिवशी ताटात दिसतो. कीटकनाशकांच्या बाबतीत जैविक पक्षाचा दावा जितका बलवान आहे तितका तो त्या पक्षाने मांडलेला नाही, कारण त्याची सारी शक्ती युरियाविरुद्ध खर्च होते.

राहता राहिला बियाण्याचा विचार. आंबेमोहोर ही या मावळपट्ट्याची कीर्ती. उंच ताट, उशिरा पक्व होणारा, नत्र अधिक झाले की लोळणारा आणि करप्याला बळी पडणारा हा वाण राबाच्या काळात घडला. त्याची भूकच मर्यादित आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांचा संकर. त्याच्या एका बाजूला सुवास आहे आणि दुसऱ्या बाजूला खताला प्रतिसाद देणारे बुटके रक्त. आज मुळशीत इंद्रायणी सर्वत्र आहे. इंद्रायणी लावून आंबेमोहोराचे खत द्यावयाचे आणि इंद्रायणीचे उत्पन्न मागावयाचे, ही विसंगती अनेक जैविक प्रात्यक्षिकांच्या मुळाशी असते. सेंद्रिय व रूढ शेतीच्या उत्पन्नांची तुलना करणाऱ्या २०१२ सालच्या एका गाजलेल्या जागतिक अध्ययनात तूट परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के आढळली. इतक्या रुंद पट्ट्यात कोणता वाण कोणत्या जमिनीत लावला होता यालाच सारे महत्त्व येते. आंबेमोहोर सेंद्रिय पद्धतीने करावा हे म्हणणे कृषिदृष्ट्या सुसंगत आहे. मात्र त्याचे उत्पन्न कमी राहणार, आणि ती तूट पुण्याच्या बाजारातील भावाने भरून निघाली पाहिजे. सुवासाचे कौतुक करणारे शहर ती भरून देते की नाही, यावर त्या प्रतिपादनाचे भवितव्य अवलंबून आहे.

आणि श्रमाचा हिशेब अद्याप कोणीच केलेला नाही. तीन टन पाला छाटून, वाहून, पसरावयाचा. ६२,५०० गोळ्या वाकून एकेक खोचावयाच्या. सापळे बदलावयाचे, बेणणी करावयाची. ही सारी कामे पावसात इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद पाठीवर घेऊन बहुतांशी स्त्रियाच करतात, आणि त्याच पंधरवड्यात लावणीसाठी तालुक्यात माणूस मिळत नसते. युरियाची गोणी स्वीकारली गेली ती शेतकरी भुलला म्हणून नव्हे. एक माणूस ती एका सकाळी फेकू शकतो म्हणून. पाल्याच्या भाऱ्याशी तिची तुलना करताना भारा वाहणारीचा दिवस दोहोंपैकी एकाही बाजूच्या कोष्टकात आढळत नाही.